मुक्काम करा, व्हेनिस परवडतं

युरोपला जाऊन आलो म्हटलं की आमच्या जवळा बाजार गावात पहिला प्रश्न येतो, "माणशी किती लागले?" त्या आकड्यात काय बसलं आणि काय नाही, हे कोणी विचारत नाही. आता आमच्याकडचे सोयाबीन-हळदीवाले शेतकरीही परदेशी निघू लागलेत, म्हणून व्हेनिसपुरतं तरी मोकळेपणाने सांगतो.

आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा एका सहल कंपनीबरोबर गेलो. पत्रकात 'व्हेनिस : एक रात्र' असं छापलेलं. प्रत्यक्षात हॉटेल मुख्य भूमीवर, हमरस्त्याच्या कडेला; तिथून पाण्यापर्यंत बसने बराच वेळ. सकाळी बस, मग बोट, भर दुपारी सान मार्को चौकातली रेटारेटी, गाइडच्या छत्रीमागे पळापळ आणि ऊन उतरायच्या आत परत. गोंडोलाचे पैसे वेगळे. चौकातल्या खुर्चीवर बसून कॉफी घेतली, तर बिलात वाद्यवृंदाचाही आकार. शहर पाहिलं असं म्हणवत नव्हतं आणि खर्च मात्र सगळा झाला होता. पुढे आम्ही स्वतःच बेत आखून गेलो, तेव्हा कळलं की इथे घाईच सगळ्यात महाग पडते.

सुरुवात व्हिसापासून. शेंगेन व्हिसाची फी 2024च्या जूनपासून 90 युरो आहे, विमा किमान 30 हजार युरोचा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. त्यासाठी आम्ही परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यापर्यंत ताणू नका. शेतकऱ्याची खरी अडचण बँकेच्या उताऱ्यात असते. आपला पैसा महिन्याला येत नाही, माल विकला की एकदम येतो. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याला ती उसनी वाटते. म्हणून बाजार समितीची हिशोबपट्टी जपून ठेवा, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, शेतीचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवा आणि पैसा काही महिने खात्यातच राहू द्या. भावाकडून, मेहुण्याकडून आदल्या आठवड्यात रक्कम फिरवून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

मुक्कामाचं ठिकाण ठरवताना हॉटेलच्या नावावर जाऊ नका, पत्ता वाचा. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं उपनगर व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं. तिथून बेटावरच्या जुन्या व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे आणि खोल्या बेटापेक्षा बऱ्याच स्वस्त. दिवसापुरत्या येणाऱ्यांवर व्हेनिसने 25 एप्रिल 2024पासून प्रवेशशुल्क बसवलं. ते वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी असतं. 2025मध्ये आधी भरल्यास 5 युरो, ऐनवेळी 10. नगरपालिकेच्या हद्दीत रात्र काढणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्यासाठी ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. हॉटेल हद्दीबाहेर असेल तर मात्र सुटका नाही. हॉटेलात पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो, तो हिशोबात धरा.

जमलं तर एक रात्र तरी प्रत्यक्ष बेटावर काढा. थोडे जास्त पैसे लागले तरी माझ्या मते सगळ्या सहलीत हाच खर्च सार्थकी लागतो. संध्याकाळी दिवसापुरती आलेली गर्दी ओसरते. पहाटे रियाल्तो पुलावर मोजकी माणसं असतात आणि बाजारात भाजी-मासळीच्या होड्या रिकाम्या होत असतात. याला तिकीट नाही. सामान मात्र हलकं न्या. पुलापुलावर पायऱ्या आहेत आणि रिक्षा नाहीच.

व्हापोरेत्तो म्हणजे तिथली जलबस. एका वेळचं तिकीट 75 मिनिटांसाठी साडेनऊ युरो, तर 24 तासांचा पास 25 युरोला. दिवसात तीनदा बसलात की पास फायद्याचा. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून सावकाश जाते; तिच्यात पुढची जागा धरली की राजवाडे दोन्ही काठांनी दिसतात. दर वेळी चढताना पास यंत्राला लावायला विसरू नका, दंड जबर आहे. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110, आणि तो नावेचा आहे, माणशी नाही. पाच जण मिळून बसलात तर प्रत्येकी 18. नुसती त्या नावेची हौस असेल, तर मोठा कालवा ओलांडून देणारी त्रागेत्तो 2 युरोत मिळते.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. कॉफी उभ्यानेच प्या, टेबलाला वेगळा दर लागतो. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणी न्या. पेढे-खवा नको, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य सोयीचा. हरभरा पेरून झालेला असतो, हळद काढायला अवकाश असतो, आणि तिकडे नाताळाचे दिवस सोडले तर हॉटेलं स्वस्त असतात. थंडी आणि धुकं असतं. भरतीचं पाणी चढतं खरं, पण 2020च्या ऑक्टोबरपासून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उभे करून मोठी भरती अडवतात. सान मार्को चौक सखल आहे, तेवढ्यासाठी पायात जाड, पाणी न शिरणारे बूट घाला.