दवाने भिजलेला स्टार्टर

अर्धापूर-मुदखेड पट्ट्यातल्या केळीवाल्याला डिसेंबर-जानेवारीत दोन धास्ती असतात. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. पारा दहा अंशांखाली उतरला की केळीची वाढ अडते, पाने पिवळी पडू लागतात, निसवलेला घड नीट भरत नाही. त्यावरचा उपायही जुनाच. बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करायचा आणि रात्री विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडायचे, कारण जमिनीखालचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते. दुसरी धास्ती इथूनच सुरू होते. बागेला पाणी हवे असते ते ऐन पहाटे, आणि बांधावरची स्टार्टरची पेटी सर्वांत ओली असते तीही त्याच वेळी.

थंडीत विजेची उपकरणे कशी सांभाळावीत, यावर मिळणारा सल्ला बहुधा बर्फाळ मुलखांसाठी लिहिलेला असतो. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचून ती कायमची अधू होते, हे खरेच. लडाखमध्ये मोबाइल पोटाशी धरून झोपावे लागते, तेही खरे. पण नांदेड-लातूरला हिवाळ्यातला किमान पारा बहुतेक दिवस आठ ते पंधरा अंशांमध्ये खेळतो. शेजारच्या परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत, डिसेंबर २०२४ मध्ये तो पाच अंशांखाली गेला होता. मराठवाड्यासाठी ही कडाक्याची थंडी झाली, बॅटरीसाठी नव्हे. इथे उपकरणे मरतात ती दवाने, रात्र आणि दुपार यांच्यातल्या वीस अंशांच्या तफावतीने आणि ऊब शोधत आत शिरणाऱ्या जिवांनी.

ही तफावत काय करते ते पाहावे. दुपारी तीस अंशांवर पेटीतली हवा फुगते आणि फटींमधून थोडी बाहेर जाते. पहाटे दहा अंशांवर ती आकसते आणि तेवढीच बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. वीस अंशांच्या फरकात पेटी रोज आपल्या पोटातली सुमारे सात टक्के हवा अशी बदलते. पेटी श्वास घेते म्हटले तरी चालेल. शिवाय निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही गार होतो. त्यामुळे आत आलेली वाफ वरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब धरते आणि ते थेंब खाली रिलेवर, टाइमरवर, कॉइलवर टपकतात. बाहेरून पेटी कोरडी ठणठणीत दिसते. आत मात्र धूळ आणि दव मिळून बारीक चिखलाचा लेप बसतो आणि त्यावरून वीज नको तिथे वाट काढते.

यावर बहुतेक जण करतात तो उपाय म्हणजे पेटीला प्लास्टिकचे पोते गुंडाळणे. तो उलटा पडतो. पावसाळ्यात पोते पाणी अडवते, हिवाळ्यात तेच वाफ कोंडून ठेवते. पोते काढावे आणि पेटीवर पत्र्याची उतरती टोपी बसवावी, चारी बाजूंनी वीतभर पुढे आलेली, खालून मोकळी. लिंबाच्या झाडाखाली दव पडत नाही, हे जागलीला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. ती टोपी म्हणजे पेटीपुरते झाडच.

वायरी पेटीत वरून घेऊ नयेत. खालून घ्याव्यात आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. वायरीच्या भोकांना रबरी ग्लँड बसवावे. जुन्या पेटीला जिथे ते बसत नाही तिथे एम-सील चालते. पेटीच्या तळाला मात्र एक बारीक भोक ठेवून त्याला जाळी लावावी. आत जमलेल्या पाण्याला वाट हवी, आणि मुंगीला नको. मुंग्यांना हसण्यावारी नेऊ नये. स्टार्टरच्या पॉइंटमध्ये त्या चिरडल्या की पॉइंट नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात आणि एक फेज सुटून मोटार जळते.

पालीचेही तेच. थंडीत स्टार्टरची कोमट कॉइल तिला आवडते, आणि दोन फेजच्या मध्ये ती आली की ती जाते आणि स्टार्टरही जातो. उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. या दिवसांत कडब्याच्या गंजीलगत किंवा मोटारीच्या खोलीत सापही आडोशाला येतो, आणि घोणस हिवाळ्यातही बाहेर फिरते. म्हणून अंधारात पेटीखाली थेट हात घालू नये. आधी बॅटरीचा उजेड टाकावा आणि दार काठीने उघडावे.

सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यात येतात आणि उकिरड्यावर जातात. त्या स्टार्टरच्या पेटीत ठेवाव्यात. रंगाचे जेल मिळाले तर उत्तमच: कोरडे असताना निळे, ओले झाले की गुलाबी. गुलाबी झालेले जेल तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होते. तो तवा मग भाकरीला वापरू नये. जुने मिस्त्री पेटीत पंधरा वॅटचा पिवळा बल्ब लावायचे. त्याच्या उबेने दव धरत नसे. आज त्या जागी एलईडी लावून उपयोग नाही. तो उजेड देतो, ऊब नाही. पिवळा बल्ब लावायचाच तर वायरमनकडून, प्लास्टिकच्या भागांपासून लांब.

मोबाइलवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. शेतकऱ्याने रात्री-अपरात्री अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने मोटारीपर्यंत जाऊ नये, हा त्याचा हेतू. तो हेतू आजही तितकाच मोलाचा आहे. पण पूर्वी माणूस पेटीपर्यंत जायचा, दार उघडायचा, ओल दिसली तर फडक्याने पुसायचा. आता तो गोधडीतून बटण दाबतो आणि पेटीत काय आहे ते कुणी पाहत नाही. मोबाइलवर मोटार चालवणाऱ्याने म्हणूनच आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, पेटी उघडून पाहावी. आधी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढावेत, मोबाइलचा ऑटो बंद करावा, टेस्टर लावून खात्री करावी. पॉइंट काळे पडले असतील तर कोरड्या सुती फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपरने घासू नयेत, वरचा चांदीचा थर निघून जातो.

लाइट आली की आपोआप मोटार सुरू करणारा ऑटो हा वेगळा प्रकार, आणि तो डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, शत्रू. रात्रपाळीची लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात. रब्बीत, हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत, डीपी जळण्याचे हे एक ठळक कारण आहे. महावितरण वर्षानुवर्षे ऑटो काढून कॅपॅसिटर बसवायला सांगते आणि गावोगावी ते ऐकून सोडून दिले जाते. ऑटो ठेवायचाच असेल तर निदान प्रत्येकाने टायमर वेगवेगळ्या मिनिटांवर लावावा. डीपीवरही एक सिलिका जेलची काचेची नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात आणि कामही तेच, श्वासातली ओल टिपायची. लांबून पाहून जेल गुलाबी किंवा पांढुरके दिसले तर लाइनमनला सांगावे. डीपीला हात मात्र कुणीही लावू नये.

सौर पंपाचे गणित वेगळे आहे. पॅनेलला थंडी मानवते. पॅनेलवर छापलेले आकडे २५ अंशांचे असतात आणि तापमान एका अंशाने घसरले की व्होल्टेज साधारण ०.३ टक्क्याने चढते. आठ अंशांच्या सकाळी ते सुमारे पाच टक्के जास्त असते. ओळीने जोडलेल्या पॅनेलचे ४५० व्होल्ट होत असतील तर त्या सकाळी ते ४७० च्या वर जातात. पंपाचा कंट्रोलर हा हिशेब धरूनच दिलेला असतो. गडबड होते ती दाब वाढवायला कुणी त्याच ओळीत जादा पॅनेल जोडतो तेव्हा. उन्हाळ्यात पॅनेल तापून व्होल्टेज उतरते म्हणून ते खपून जाते, आणि डिसेंबरच्या एखाद्या कोवळ्या उन्हात कंट्रोलर उडतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा आहे. स्वतः केलेल्या जोडकामाने त्यावर पाणी सोडू नये.

या दिवसांत नांदेडला भर दुपारीही सूर्य ४७-४८ अंशांपेक्षा वर चढत नाही. ज्यांच्या चौकटीला कोन बदलण्याची सोय आहे त्यांनी पॅनेल अधिक उभे करावेत. पहाटेचे दव आणि धूळ यांचा लेप पॅनेलवर वाळण्याआधी, सकाळीच, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून घ्यावा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

रानडुक्कर आणि रोह्यांसाठी लावलेले झटका मशीन हिवाळ्यात का मंदावते, तर दिवस लहान, चार्जिंग कमी आणि दवाने भिजलेले गवत तारेला टेकलेले. झटका जनावराला बसण्याऐवजी गवतातून जमिनीत मुरतो. तारेखालचे गवत कापणे हा नवी बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. झटका मशीनची, ट्रॅक्टरची, फवारणी पंपाची शिशाची बॅटरी गारव्यात ताकद कमी देते, त्यात ट्रॅक्टरचे ऑइल घट्ट झालेले असते. चांगली बॅटरी विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर ती सकाळी सेल्फ मारून दमवण्याआधी चार्ज करावी. फवारणी पंप तुरीवरची शेवटची फवारणी झाली की आखाड्यात रिकाम्या बॅटरीने लटकत राहतो, आणि पुढच्या मृगापर्यंत बॅटरी मेलेली असते. महिन्यातून एकदा घरी आणून चार्ज करावा.

राहिला मोबाइल. जुना मोबाइल पहाटे वीस टक्क्यांवर अचानक बंद पडतो. तो बिघडलेला नसतो, सेल म्हातारा झालेला असतो. आतल्या खिशात ठेवला की निम्मे काम होते. शेकोटीजवळ मात्र धरू नये, लिथियमला थंडीपेक्षा आच जास्त मारते. ई-पीक पाहणीचा फोटो धूसर येत असेल तर कॅमेऱ्यावर दव धरलेले असते. फोन दहा मिनिटे सावलीत उघडा ठेवून मग फोटो काढावा. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नये आणि तांदळाच्या डब्यातही खुपसू नये. तसे करू नका असे खुद्द ॲपल कंपनी सांगते, कारण तांदळाचे कण आत जाऊन बसतात.

थंडीची लाट कधी येणार हे मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या परभणीच्या कृषी हवामान सल्ल्यात आणि हवामान खात्याच्या ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत कळते. पण पेटीच्या कामासाठी लाटेची वाट पाहायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत येळवस येते. लातूर-नांदेडात त्या दिवशी अख्खे घर शेतात असते. कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिल पोटात गेली की सगळे बांधावर सुस्तावतात. घरात वायरमन जावई असेल तर त्याला त्या दुपारी स्टार्टरची पेटी जरूर दाखवावी. नसेल तर गावातल्या वायरमनला आधीच सांगून ठेवावे आणि मोटारीला मेगर लावून घ्यावा. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली दाखवले तर मोटार वर काढावी, रात्री चालवू नये. तार तुटली, डीपीतून आवाज आला किंवा पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर महावितरणचा क्रमांक १९१२ आहे.