शब्द अडतो तेव्हा

काही मुले वर्गात बोलताना ‘ते... हे...’ करीत अडखळतात. काल शिकवलेला शब्द आज आठवत नाही. आपण त्यांना ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा बुद्धी चांगली असते, अडचण भाषेची असते.

आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांना ही अडचण सांगावी. तपासणी मोफत असते.

मग शब्द थोडे घ्यावेत, पण पुन्हा पुन्हा घ्यावेत. धडा सुरू होण्याआधी गुरुजींकडून तीन-चार अवघड शब्द मागून आणावेत. समजा, शब्द आहे ‘बाष्पीभवन’. ओल्या पाटीवरचे पाणी उन्हात उडताना दाखवावे. टाळ्या वाजवीत म्हणावे: बा-ष्पी-भ-वन. ‘आणखी काय असे वाळते?’ विचारावे आणि घाई न करता थांबावे. मूल घरच्या बोलीत सांगेल, त्याला हसू नये. त्या शब्दालाच पुस्तकातला शब्द जोडावा. चुकले तर रागावू नये, बरोबर वाक्य आपणच सहज म्हणावे. आठवडाभर तोच शब्द घरी आणि वर्गात कानावर पडू द्यावा.

वर्गात बसूनही आपले लेकरू धड्याबाहेर राहू नये, एवढे आपण नक्की करू शकतो.