बुडबुड्यांना भुलू नये

चेन्नईत पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोडवर काम करताना जे कळत गेलं, ते या वाटेने येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी लिहिते आहे.

१. प्लॅटिनमची तार आधी बाजूला काढा. शोध स्वस्त उत्प्रेरकाचा आणि समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. प्रयोग लांबला की ते प्लॅटिनम कणाकणाने विरघळतं आणि आपल्या नमुन्यावर जाऊन बसतं. रीडिंग दिवसेंदिवस सुधारतं, पण करामत त्या प्लॅटिनमची असते. ग्राफाइटची कांडी लावा.

२. पोटॅशवर आंधळा विश्वास नको. माझ्या लेखी हे सगळ्यांत महत्त्वाचं. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोखंडाचा अंश असतोच. निकेल तो शोषून घेतं आणि ऑक्सिजन सुटणं एकदम सोपं होतं. कॉरिगन या संशोधकाने हे १९८७ मध्येच दाखवलं होतं. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या गटाने द्रावण शुद्ध करून पाहिलं, तर नुसतं निकेल अगदीच मंद निघालं. मधल्या काळात निकेलच्या नावावर किती कौतुक जमा झालं असेल! लोखंड वाईट नाही. निकेल-लोखंडाची जोडी अल्कलीत उत्तमच चालते. पण ते मोजून, जाणूनबुजून घातलेलं असावं.

३. इरिडियम जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. उत्प्रेरक म्हणून इरिडियम वापरणाऱ्या, आम्लधर्मी पडद्याच्या यंत्रांवर काम करणाऱ्याने हे कायम डोळ्यांसमोर ठेवावं.

४. समुद्र समोर आहे म्हणून थेट खारं पाणीच फोडायला घेऊ नका. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हापासून समुद्राचं पाणीच का नको, हा प्रश्न इथे हमखास निघतो. मिठातल्या क्लोराइडपासून हायपोक्लोराइट बनतं आणि धातू खाऊन टाकतं. एक किलो हायड्रोजनला पाणी लागतं नऊ लिटर, वीज मात्र पन्नासेक युनिट. चेन्नईजवळच्या मिंजूर, नेम्मेलीसारख्या प्रकल्पांत समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट पुरतात. म्हणजे त्या नऊ लिटरचा खर्च नगण्य. आयआयटी मद्रासमध्ये कार्बनच्या आधारावरचे इलेक्ट्रोड घेऊन खाऱ्या पाण्यावर काम झालं आहे, ते मन लावून वाचावं. पण तुमची पहिली दोन वर्षं त्यात घालू नका, असंच मी सांगेन.

५. दहा मिलिअँपिअरवर समाधान मानू नका. कारखान्यात दर चौरस सेंटिमीटरला त्याच्या वीस-चाळीस पट करंट असतो. तेवढा करंट सोडला की निकेल फोमवरून बुडबुडे असे उसळतात की चिकटवलेली उत्प्रेरकाची पूड सुटते आणि तळाशी काळा गाळ बसतो. तो गाळ फेकू नका, द्रावणासकट तपासायला द्या. आणि करंट मधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करा. तमिळनाडूत या यंत्रांना वीज वाऱ्यातून आणि उन्हातून मिळायची आहे, म्हणजे ती मधूनमधून थांबणारच. यंत्र थांबलं की उलटा करंट वाहतो आणि सलग चाचणीत टिकलेला थर तिथे उखडू शकतो.