आधी अंगणात ने

चि. मुक्ता,


तुझं पत्र पोचलं. 'वाटून घ्या, भांडू नका' सांगून सांगून घसा बसलाय म्हणतेस. चार वर्षांच्या पोराला सहकार्य सांगून कळत नाही गं. घसा राख आणि पोरांना अंगणात ने.

सुरुवात साखळीनं कर. ज्याच्यावर राज्य, त्यानं एकाला पकडलं की दोघांनी हात धरून तिसऱ्याला पकडायचं, मग तिघांनी चौथ्याला. हात सुटलेले असताना कुणाला पकडलं तर तो आऊट नाही. हा नियम मात्र कडक पाळ, सगळी गंमत त्यातच आहे. पहिल्या दिवशी नुसती ओढाताण होईल, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. तू मध्ये पडू नकोस. दोन-चार डाव फुकट गेले की कुणीतरी ओरडेलच, 'आधी त्याला धरू!' टोकाचा दांडगट पोरगा मधल्या चिमुरडीसाठी वेग आवरायला लागला की तुझं काम झालं. साखळी चार-पाच जणांची झाली की तिच्या दोन कर, नाहीतर शेवटचं मूल फरपटतं आणि गुडघे फुटतात.

मग विषामृत. 'विष' मिळून बसलेल्याला 'अमृत' द्यायला जायचं म्हणजे स्वतः सापडायचा धोका. एरवी तोंड न उघडणारी मुलंही तो पत्करतात.

संगीत खुर्ची मला मुळीच पसंत नाही. ज्याला खेळायची गरज सगळ्यात जास्त, तेच मूल सगळ्यात आधी भिंतीशी बसतं. त्यापेक्षा आपला कच्चा लिंबू शहाणा. आऊट होत नाही, पण सगळ्यांबरोबर पळतो. फक्त एकाच मुलाला रोज कच्चा लिंबू करू नकोस, त्याचं चिडवणं होतं.

खो-खोची घाई नको. धावणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही, म्हणून पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला खो द्यावाच लागतो. एकट्याच्या पायांवर हा खेळ जिंकताच येत नाही. पण एवढे नियम या वयाला झेपायचे नाहीत.

बक्षिसं ठेवू नकोस, पालकांनी कितीही आग्रह केला तरी. आणि खेळाआधी अंगणातले खडे वेचून घे. तू नको, पोरांनाच वेचायला लाव.

तुझी,
आत्या