आधी फळीचा जबाब घ्यावा

लग्नसराई उलटली की देवीच्या दर्शनास तुळजापुरी येणारी नवी जोडपी आपला फोटो लाकडावर कोरून मागू लागली, तेव्हा फोटोफ्रेमच्या धंद्यातील आमच्यासारख्या माणसाने लेझरचे यंत्र घ्यावे, हे ओघानेच आले. परंतु यंत्राबरोबर विक्रेत्याने जो छापील तक्ता दिला होता, त्यातले लाकडासमोरचे पॉवर आणि स्पीडचे आकडे सरकारी परिपत्रकाप्रमाणे सर्वत्र सारखेच लागू होतात, ही समजूत मला महागात पडली. एका गिऱ्हाइकाने बयाणा देऊन सोपविलेला आपल्या दिवंगत मातोश्रींचा फोटो त्या तक्त्याच्या भरवशावर सागवानी फळीवर काढला, तो डोळ्यांच्या खोबणी, नाक व हनुवटी यांचा एकच काळा डाग झाला आणि गालांवरून सागाच्या नसांचे पट्टे आडवे धावले. फळी व बयाणा दोन्ही माझ्या खर्ची पडले. मूळ फोटो शाबूत होता, एवढीच जमेची बाजू.

तक्ता खोटा होता असे नव्हे. तो दुसऱ्या यंत्राचा आणि दुसऱ्या लाकडाचा होता. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी घेतलेल्या कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1964 साली जो कार्बन डायऑक्साइड लेझर सिद्ध केला, त्याचा 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण कोणत्याही लाकडाच्या पृष्ठभागातच शोषला जातो. याउलट लहान दुकानदारास परवडणाऱ्या डायोड यंत्राचा सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा किरण लाकडाचा रंग पाहून वागतो, काळसर लाकडात चटकन मुरतो आणि पांढुरक्या लाकडावरून काही अंशी परततो. एकाचे आकडे दुसऱ्यास लावणे म्हणजे नुकसानीस आमंत्रणच.

फोटोसाठी सागाचा मोह आवरावा, हे माझे स्पष्ट मत आहे. दाराच्या चौकटीस साग उत्तम. परंतु त्यातील तेल आणि ठसठशीत नसा चेहऱ्याच्या सूक्ष्म छटा टिकू देत नाहीत. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन स्वस्त मिळते, पण त्याचा मऊ भाग खोल जळतो, कठीण रेषा तशाच उरतात आणि मुद्रेवर धारीदार कापड पसरल्याचा भास होतो. शिवण किंवा हळदू मिळाल्यास सोडू नये. दोन्हींचा रंग फिका आणि पोत एकसारखा असतो. वखारवाल्यास थोडी चिरीमिरी द्यावी लागली तरी कोरडी फळी निवडून घ्यावी, कारण पावसाळ्यात दमट राहिलेल्या लाकडावर उन्हाळ्यातले आकडे फिके पडतात.

त्याच फळीचा एक तुकडा कापून घ्यावा, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने नसेच्या दिशेने घासावा, ब्रशने भुसा झाडावा आणि त्यावर लहान चौकोनांची जाळी कोरावी: एका बाजूस पॉवर 20 टक्क्यांपासून 80 पर्यंत, दुसऱ्या बाजूस स्पीड मिनिटाला 1000 मिलिमीटरपासून 5000 पर्यंत. जाळी वाचताना नवशिक्याची नजर सर्वांत काळ्या चौकोनावर खिळते, आणि तेथेच तो फसतो. ज्या चौकोनापुढे काळेपणा वाढत नाही, केवळ खोली आणि धूर वाढतो, त्याच्या अलीकडचा चौकोन आपला. त्यापूर्वी फोकसची रुजुवात करून लेन्स पुसून घ्यावी. काजळी धरलेल्या लेन्समधून बराच किरण वाया जातो आणि आपण विनाकारण पॉवर चढवीत बसतो.

येथे जुन्या छापखान्यांतील हाफटोन ब्लॉकचे स्मरण होते. वृत्तपत्राच्या रद्दीवजा कागदासाठी इंचाला 65 रेषांची जाळी पुरे होई, आर्ट पेपरला तिच्या दुपटीहून अधिक लागे. कागद जितका खरखरीत, तितके ठिपके विरळ. लाकडासही हाच न्याय लागू आहे. 0.1 मिलिमीटर अंतराने रेषा कोरावयाच्या तर इंचास 254 रेषा होतात; फोटोही प्रत्यक्ष आकारात इंचास नेमका 254 बिंदूंचा करून घ्यावा, आणि ठिपके परस्परांत मिसळू लागल्यास अंतर 0.12 करावे. छटांसाठी फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेली ठिपक्यांची रीत बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. ती निवडल्यावर पॉवर एकच ठेवावी, कारण तेथे ठिपका उमटतो किंवा उमटत नाही, फिका ठिपका ही चीजच नसते.

राहिला फोटो. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली प्रत न घेता मूळ प्रत मागावी, पार्श्वभूमी काढून टाकावी. आपल्याकडच्या बायाबापड्यांच्या सावळ्या कपाळावरचे तांबडे कुंकू रंगीत फोटोत ठळक असते, पण राखाडी करताच त्वचेत विरून जाते, आणि सवाष्णीच्या फोटोत कुंकू दिसेनासे झाले तर घरची माणसे तो हाती घेत नाहीत. यावर उपाय असा की, राखाडी प्रत हिरव्या चॅनेलमधून काढावी. तेथे कुंकू काळेभोर उमटते. मग चेहरा तेवढा उजळ करून घ्यावा, कारण लाकूड प्रत्येक छटा पडद्यावर दिसते त्याहून गडदच करते.

रेक्झिन किंवा पीव्हीसी या यंत्राखाली कोणी आणून दिले तर साफ नाकारावे; त्यातून आम्लधर्मी वायू निघतो, तो फुप्फुसास आणि यंत्रास सारखाच घातक. यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. आणि धाराशिव, उमरगा, परंडा येथील ज्या कोणास असे यंत्र घ्यावयाचे असेल, त्याने आपल्या वखारीतील फळी आणि आपल्या गिऱ्हाइकाचा फोटो बरोबर नेऊन विक्रेत्याकडून तो डोळ्यांदेखत कोरून घ्यावा. त्याने टाळाटाळ केली, तर सौदा करू नये.