चार सुयांचा मोजा

ताईच्या बाळासाठी आजीने मला पायमोजे विणायला शिकवले. ते कसे, ते सांगते.

दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया घ्याव्यात. ३६ टाके घालून तीन सुयांवर बारा-बारा वाटावेत आणि चौथ्या सुईने गोल विणत जावे. मग शिवण येत नाही. शिवण बाळाच्या पायाला टोचते. सुरुवातीला दोन सुलट, दोन उलट विणावे, म्हणजे मोजा पायाला धरून बसतो.

एकदा आई ओरडली, "अगं, दूध उतू जातंय!" मी धावले. तेवढ्यात धाकट्याने एक सुई उपसून गाडी-गाडी खेळायला नेली. बारा टाके मोकळे! आजीने ते उचलून दिले, पण सुई काही सापडली नाही. बाबांनी बाजारातून दहा नंबरची आणली. आमच्या बारा नंबरच्या. मला वाटले, दहाची बारीक असेल. पण आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते! वीण मधेमधे ढिली पडली. आजी म्हणाली, "उसव." चार बोटे विणलेले उसवताना मला रडूच आले.

आता बाराची सुई मिळाली आहे. ताई परवा सासरी जाणार. एक मोजा झाला, दुसऱ्याची टाच चालू आहे. धाकट्याला आजी जवळ घेऊन बसते.

– इयत्ता चौथी