पाळणाघर काढण्यापूर्वी काय शिकाल?

नोकरी करणाऱ्या आयांची संख्या वाढली तशी आपल्यासारख्या जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतही पाळणाघरे निघाली. घरात एखादी खोली रिकामी असते, स्वतःची मुले मोठी झालेली असतात, चार पैसे मिळवण्याची गरज असते. शेजारच्या शिक्षिकाबाई किंवा बँकेतल्या बाई आपले आठ-नऊ महिन्यांचे बाळ सोपवून जातात आणि पाळणाघर सुरू होते. एकाची चार होतात, चारांची दहा होतात. अशा बायका माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतात, बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी बाळ कडेवर घेऊन. 'तुम्ही हे काम कुठे शिकलात?' असे मी विचारतो. उत्तर ठरलेले असते. 'त्यात शिकायचे काय, डॉक्टर? माझी तीन वाढवली की!'

या उत्तरात खोटे काही नाही, पण ते अपुरे आहे. स्वतःची तीन मुले एकापाठोपाठ एक वाढतात, आणि मदतीला सासू, जाऊ, शेजारीण असते. आपल्या मुलाला कशाने पोट बिघडते, ताप आला की ते कसे रडते, हे आईला पाठ असते. पाळणाघरात दहा घरांची दहा मुले एकाच वेळी असतात. एकाला जुलाब, दुसऱ्याला ताप, तिसऱ्याला पूर्वी आकडी येऊन गेलेली, आणि हे सारे सांगायला आई जवळ नसते. घरी मायेवर निभावते ते इथे माहितीवर निभवावे लागते.

इंग्लंडमध्ये हे काम नोंदणीचे आहे. तिथे १९४८ सालीच याविषयी कायदा झाला. आज तिथे पैसे घेऊन आपल्या घरी आठ वर्षांखालील मूल दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक वेळ सांभाळायचे, तर सामान्यतः नोंदणी करावीच लागते. अगदी लहान मुले घ्यायची तर बालकांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा वर्ग पुरा केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. बाईंची आणि घरातल्या इतर मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते. एका बाईने एका वेळी आठ वर्षांखालील सहा मुले घ्यायची, त्यांत पाच वर्षांखालची तीन, आणि वर्षाच्या आतले साधारणपणे एकच. स्वतःची मुलेही याच हिशेबात धरतात. गंमत अशी की पदवी मात्र कुणी मागत नाही. लहान मुलाचा जीव कसा वाचवावा हे आधी दाखवा, एवढा त्यांचा आग्रह असतो.

योगायोगाने त्याच १९४८ साली आपल्याकडे कारखाने कायदा झाला. स्त्री कामगारांच्या मुलांसाठीची खोली बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण हे सारे कारखान्याचे, कचेरीचे झाले. आपल्या आळीतल्या खोलीत चालणाऱ्या पाळणाघराच्या बाईंना इंग्लंडसारखे प्रमाणपत्र दाखवल्यावाचून मूल घेता येत नाही, अशी स्थिती आपल्याकडे नाही. २०१६ साली नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यात दिसले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. कॅमेरा मारहाण दाखवतो. अज्ञान दाखवत नाही. मला रोजच्या व्यवहारात मारहाणीपेक्षा अज्ञानाचीच भीती अधिक वाटते.

तेव्हा सक्ती नसली तरी काय शिकावे ते सांगतो. पहिला धडा, घशात काही अडकले तर काय करायचे. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, बोराची किंवा सीताफळाची बी, नाणे, फुग्याचा तुकडा, घड्याळातली चपटी बॅटरी, यांतले काहीही रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाऊ शकते. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तो खोकलाच त्याचे औषध आहे. पण आवाज बंद झाला, ओठ निळसर पडू लागले, तर रिक्षा शोधायला वेळ नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला हाताचा आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच ठोके द्यावेत. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने हेच करीत राहावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीवर पाच ठोके द्यावेत, आणि मग त्याच्या मागे गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच झटके द्यावेत. तेवढ्यात दुसऱ्या कुणी १०८ ला फोन करावा.

आपल्याकडे अशा वेळी काय होते? कुणी पाणी पाजतो, कुणी भाताचा घास भरवतो, कुणी न पाहताच घशात बोट घालतो. बोटाने वस्तू आणखी आत जाते. ती डोळ्यांना दिसत असेल तरच काढावी. मूल बेशुद्ध झाले तर तीस वेळा छाती दाबणे आणि दोन वेळा तोंडाने श्वास देणे, हे चक्र सुरू करावे लागते. हे वाचून येत नाही, मी कितीही सोपे करून लिहिले तरी येत नाही. रबरी बाहुलीवर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, आपल्या हाताने करून पाहावे लागते. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही तसेच हे.

दुसरा धडा औषधांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तापाचे पॅरासिटामॉल घरोघर असते. त्याची मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते. दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत एका वेळी, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा अधिक वेळा नाही. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर १५० मिलिग्रॅम. आता घोटाळा पाहा. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. पातळ औषधाच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५, तर दुसरीत २५० मिलिग्रॅम. या मुलाला १२५ च्या बाटलीतले सहा मिलिलिटर बरोबर आहे. तेच सहा मिलिलिटर थेंबांच्या बाटलीतून दिले तर ६०० मिलिग्रॅम होतात, चौपट! शिवाय आईने सकाळी आठला एक मात्रा दिलेली असते आणि घाईत सांगायची राहून जाते. बाई दहाला दुसरी देतात.

यावर उपाय साधा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध घ्यायचे नाही. बाटलीवर मुलाचे नाव हवे. आणि एक वही : कोणते औषध, किती, किती वाजता, कोणी दिले. सकाळी आईनेही त्याच वहीत लिहायचे. वही न पाहता झाकण उघडायचे नाही.

याच धड्यात आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. दुपारी मुले झोपावीत म्हणून खोकल्याचे औषध देणे, किंवा बाळगुटीत जायफळ जरा जास्त उगाळणे, हे प्रकार चालतात. असे औषध देऊन झोपवलेले मूल झोपत नाही, ते गुंगीत असते, आणि गुंगीत श्वास मंदावतो. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुले खोकल्याच्या दूषित औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. झोपेसाठी तर कोणत्याच वयात देऊ नयेत.

बाकीचे थोडक्यात. जुलाब सुरू झाले की जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालावी. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात हा हिशेब चुकीचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप चमच्याचमच्याने. तापात आकडी आली तर कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काही घालू नये. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्यावी. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर थेट रुग्णालय. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. फिनेल किंवा रॉकेल प्यायल्यास उलटी करवू नये. मुळात ते शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवूच नये, आणि हे मला दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावे लागते. न्हाणीघरात पाण्याची बादली भरलेली ठेवू नये. रांगते मूल डोके खाली करून पडले की त्याला वर येता येत नाही, थोड्या पाण्यातही ते बुडते.

झोपेचेही शास्त्र आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला उताणेच झोपवावे, कठीण सपाट गादीवर, उशी व जाड दुलईशिवाय. साडीची झोळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण झोळीतले बाळ नजरेआड ठेवण्याचे नाही. मोठी मुले तिच्याशी खेळतात, पीळ पडतो, कापड गळ्याभोवती येते. दहा मुलांच्या खोलीत झोळी नको, असे माझे मत आहे; आज्यांचा राग मी पत्करतो.

आईने काढून ठेवलेले दूध साध्या तापमानाला चार तासांच्या आत संपवावे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते शीतपेटीतच ठेवावे. द्यायच्या वेळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे, गॅसवर उकळू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण वाटी घासून स्वच्छ होते. वर्षाच्या आत मध चाटवू नये. शी-शूचे कपडे बदलण्याची जागा स्वयंपाकापासून दूर असावी, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. एका मुलाचे जुलाब आठवडाभरात सहा घरी पोहोचतात ते बाईंच्या हातांवरूनच. प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाची प्रत घ्यावी. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर आधी ती, मग प्रवेश.

हे सारे शिकायचे कुठे? भारतीय रेडक्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी आणि लहान मुलांचा भाग बाहुलीवर शिकवतात का, हे आवर्जून विचारावे. ज्यांना अधिक शिकायचे आहे त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण या विषयातली पदविका आहे; बारावीनंतर घरचे सांभाळून ती करता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांत केलेले काम ज्या महाराष्ट्रात झाले, तिथल्या बायकांना हा विषय परका वाटू नये. जवळच्या अंगणवाडीतली सेविका वजन-उंचीचा तक्ता भरायला शिकवील. आपल्या डॉक्टरांना दोन तास मागावेत, बहुतेकजण नाही म्हणणार नाहीत.

मुले किती घ्यावीत हा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून नाजूक आहे. मी एकच कसोटी सांगतो. आग लागली तर एका खेपेत किती मुले बाहेर काढाल? न चालणारी दोन, बोट धरून चालणारे फार तर एक. त्यापुढे मुले घ्यायची तर दुसरी मोठी बाई पूर्ण वेळ हवी. बाजारात जाताना मुलांना शाळकरी मुलीच्या भरवशावर ठेवणे म्हणजे बाई नसल्यासारखेच. मदतनिसाची पोलीस पडताळणी करून घ्यावी. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'दुसऱ्याच्या घरचे प्रकरण' म्हणून गप्प बसता येत नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

आता मूल ठेवणाऱ्या पालकांसाठी. भिंतीवरची चित्रे आणि खेळणी पाहून पाळणाघर ठरवू नका. दुपारी दोन-अडीचला, मुले झोपण्याच्या वेळी, न कळवता जा. औषधांची वही मागा. न्हाणीघरात डोकावा. आणि बाईंना नम्रपणे विचारा, 'बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर काय कराल?' तोंडी उत्तर घेऊ नका. जवळ एखादी लहान उशी असेलच, तिच्यावर करून दाखवायला सांगा.